पाचवं दार

गिलाव्याखाली हिरवा रंग दिसला आणि माझी पावलं जागीच थांबली. शनिवार होता. धुऊन इस्त्री केलेली वेदीवरची वस्त्रं पिशवीत होती, चर्चची किल्ली नेहमीप्रमाणे कोटाच्या आतल्या खिशात होती, आणि दिवसाचं ठरलेलं स्तोत्र अर्ध्यावर येऊन ओठांत होतं. ते तिथेच राहिलं. दोन गवंडी घराची दर्शनी भिंत छिन्नीनं खरवडत होते. वरचा पांढरा रंग पापुद्र्यासारखा सुटत होता, त्याच्याखाली दुधी, त्याच्याखाली फिकट गुलाबी, आणि सगळ्यांत खाली, विटांना घट्ट धरून बसलेला, तो हिरवा. दुसरा कुठलाही हिरवा असता तर मी पुढे गेले असते. पण हा डॅडींचा हिरवा होता. डॅडी डोंगराखालच्या मोठमोठ्या बंगल्यांत रंगकाम करायचे आणि डब्यांच्या तळाशी उरलेला रंग घरी आणायचे. कुठल्या इस्पितळाच्या व्हरांड्याचा हिरवा, कुठल्या बाईंच्या न्हाणीघराचा निळा, एका शाळेच्या फाटकाचा पिवळा. सगळं एका बादलीत ओतून त्यांनी दोन दिवस ढवळलं होतं. मम्मी म्हणायची, ताप आलेल्या बेडकाचा रंग आहे हा. डॅडी म्हणायचे, अख्ख्या केपटाऊनमध्ये असा दुसरा सापडला तर मी ब्रश मोडून टाकीन. त्यांना ब्रश मोडावा लागला नाही.

माझं थांबणं त्यामुळे नव्हतं. जुना रंग दिसला तर माणसाला भरून येतं, एवढंच. मला भरून आलं नाही, मला घाम फुटला. कारण ते घर आमचं नव्हतं. आमचं घर त्याच्या पुढचं, डोंगराच्या बाजूचं, फाटकावर पितळी मासा असलेलं. चोवीस वर्षं मी त्या पितळी माशासमोर उभी राहत आले होते.

घराचा मालक बाहेर आला. तरुण, गोरा, अनवाणी, हातात कॉफीचा मग. "काही मदत हवी आहे का?" त्यानं विचारलं. आमच्या या जुन्या ब्रॅम्बल गल्लीत हा प्रश्न मला पुष्कळदा विचारला गेला आहे. त्यात मदत नसते. तरी पोराचा आवाज वाईट नव्हता. मी म्हटलं, चर्चला चाललेय, वेदी मांडायची आहे. त्यानं मान हलवली पण आत गेला नाही, आणि मीही हलले नाही. मग मीच विचारलं की हे काय चाललंय. तो सांगू लागला की गाडी रस्त्यावर ठेवली की काचा फोडतात, म्हणून पुढची खोली पाडून गॅरेज करतोय. दार काढून तिथे सरकतं फाटक येईल. खोली अगदीच लहान होती, तो म्हणाला, तिचा कशाला उपयोगच नव्हता.

त्या खोलीत आम्ही पाच जण झोपायचो. माझी बहीण लोर्ना खिडकीखाली, कारण तिला रात्री उकडायचं. मी त्याला हे सांगितलं नाही. मी फक्त विचारलं की त्या हिरव्या रंगाचा एक तुकडा घेऊ का. तो हसला, म्हणाला, हवे तेवढे घ्या. गवंड्यानं तळहाताएवढा तुकडा उचलून माझ्या हातात दिला. त्याला अजून विटेची ऊब होती, किंवा मला तसं वाटलं.

मग चर्चमध्ये जाऊन मी वेदी मांडली. संत बार्थोलोम्यूचं आमचं हे चर्च तेवढं सरकारनं जागेवर ठेवलं. माणसं उचलली, घरं घेतली, पण देवाच्या इमारतीला हात लावायची कायद्याला बहुधा लाज वाटली असावी. १९७० साली मी सतरा वर्षांची होते. आमचा भाग गोऱ्यांसाठी राखीव झाला असं एका कागदावर लिहून आलं. महापालिकेचा ट्रक आला आणि आम्हाला हॅनोव्हर पार्कला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नेऊन ठेवलं. अंतर आठ-नऊ किलोमीटरचं. मध्ये रेल्वेचे रूळ, मग रुंद हमरस्ता, मग काहीच नसलेलं एक मैदान. कुणीतरी टेबलावर नकाशा पसरून हे सगळं नीट मध्ये घातलं होतं. पण रविवारी उपासनेला आम्ही तिथूनच येत राहिलो, जुन्याच बाकांवर, जुन्याच क्रमानं बसत राहिलो. आणि कुणी गेलं की अंत्यविधी इथेच. शवपेटी चर्चमधून निघाली की गाडी सरळ कबरस्तानात जात नाही. ब्रॅम्बल गल्लीतून डोंगराच्या दिशेनं हळूहळू चढते, मागून आम्ही चालतो, आणि गेलेल्या माणसाच्या जुन्या दारापुढे गाडी एक मिनिट थांबते. कुणी काही बोलत नाही. मग गाडी पुढे जाते. हे कुणी सुरू केलं ते सांगता येत नाही. डॅडी ट्रक येऊन गेल्यावर दोन वर्षांत गेले, तेव्हा नुसती गाडी हळू केली होती. पोलीस कोपऱ्यावर उभे असायचे. थांबायला सुरुवात झाली ती मम्मीपासून, पंच्याण्णव साली, राज्य बदलल्यानंतर.

तेव्हाच ती चूक झाली. चर्चच्या कोपऱ्यापासून डोंगराकडे आठ घरं, एका ओळीत, एकाला एक चिकटून. पहिलं कोळसेवाल्या अंकल लिओनार्डचं, पाचवं आमचं, सहावं आँटी गर्टीचं, शेवटचं आँटी सॉफीचं. ओळीच्या शेवटी एक दगडी भिंत. पंच्याण्णवपर्यंत, डॅडींच्या वेळीसुद्धा, मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं, चर्चला मागच्या फाटकानं जायचे, न बघण्याचं व्रतच घेतल्यासारखं. मम्मीच्या दिवशी वळून बघते तो काही ओळखूच येईना. ओटे बुजवलेले, खिडक्या मोठ्या केलेल्या, सगळं पांढरं, नंबरसुद्धा उलट्या बाजूनं घातलेले. शवपेटीची गाडी चालवणाऱ्या अंकल क्लाइव्हनी काच खाली करून हलकेच विचारलं, "सिस युनिस, कोणतं?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी कोपऱ्यापासून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या दाराकडे बोट केलं. गाडी थांबली. त्या मिनिटात मी त्या दाराकडे असं बघितलं की पुढे माझी आठवण त्या दारातूनच आत जाऊ लागली. मम्मी त्या पायरीवर भाजी चिरताना दिसायची. डॅडींची सायकल त्या भिंतीला टेकलेली दिसायची. आणि तेव्हापासून बोट करणारी मीच झाले. एकवीस जणांना मी त्यांच्या दारापुढे थांबवलं. दारं मोजायची ती कोपऱ्यापासूनच.

त्या शनिवारी चर्च बंद करून मी कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं डोळ्यांपुढे होतं. रस्ता तिथे रुंद आहे, गाड्या वळायला आणि उभ्या करायला जागा केलेली आहे, डांबरावर पांढऱ्या रेघा आहेत. चर्चचा कठडा आणि पहिलं घर यांत लहानपणी एक हातगाडीसुद्धा आडवी मावत नसे. अंकल लिओनार्डचं घर पाडून तो रस्ता झाला होता. ज्याला मी पहिलं म्हणत होते ते दुसरं होतं. आमचं म्हणून मी ज्याच्यासमोर मान खाली घातली ते आँटी गर्टीचं होतं, गर्टीचं म्हणून जे दाखवलं ते त्याच्या पुढचं. एकवीसच्या एकवीस. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या दारापुढे उभं केलं होतं. आणि आँटी सॉफीचं तर दारच मला सापडलं नव्हतं. सात घरं मोजून झाली की पुढे दगडी भिंत. म्हणून मी तिच्या मुलीला, रोझलिनला, सांगितलं होतं की तुमचं घर राहिलं नाही गं, पाडलं त्यांनी. गाडी त्या भिंतीपुढे थांबली होती. रोझलिननं भिंतीला हात लावला होता आणि तो हात नंतर कितीतरी वेळ कोटाला पुसत राहिली होती. त्याच वेळी मला शंका यायला हवी होती. आठ घरांची सात कशी झाली, हे पाडलेलं नक्की कुठलं, हे मी बघायला हवं होतं. पण मला माझं मोजणं खोटं ठरण्यापेक्षा दुसऱ्याचं घर पडलेलं सोपं वाटलं. हे मी आता असं लिहिते आहे. त्या दिवशी कोपऱ्यावर उभी असताना एवढंच वाटत होतं की पायाखालची जमीन एका घराएवढी सरकली आहे, आणि ती सरकताना मी हातात किल्ली धरून उभी होते.

परतीच्या मिनीबस टॅक्सीत पंधरा जण होतो. पोरगा दारातून ओरडत होता, हॅनोव्हर पार्क, हॅनोव्हर पार्क, जसं काही कुणी चुकून तिथे जाणार होतं. वापरलेली वस्त्रं पिशवीत होती आणि त्यांतल्या एकात मी तो तुकडा गुंडाळला होता. प्याला पुसायच्या वस्त्रात असं काही बांधू नये हे मला माहीत आहे. दुसरं काही जवळ नव्हतं.

घरी आल्यावर आधी वस्त्रं भिजवली. पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, ते मातीतच जायला हवं. त्यात उपासनेतल्या द्राक्षारसाचा, म्हणजे प्रभूच्या रक्ताचा, थेंब असतो. तिसऱ्या मजल्यावर माती कुठली? एकोणपन्नास वर्षं दर शनिवारी मी ते पाणी तसराळ्यातून तीन जिने खाली नेते आणि कपडे वाळवायच्या तारांखाली जी हातभर माती आहे तिथे ओतते. पोरं पत्ते खेळत असतात, ती पाय बाजूला घेतात. कुणी कधी हसत नाही. समोरच्या इमारतीतली पोरं मात्र तिथे येऊ शकत नाहीत, आणि ही पोरं तिकडे जाऊ शकत नाहीत. मधल्या रस्त्यावर दोन टोळ्यांची हद्द आहे, गोळ्या सुटल्या की आम्ही न्हाणीघरात जमिनीवर आडव्या होतो. आमच्या वेळी रेघ सरकारनं ओढली. आता पोरं स्वतःच ओढतात, पण खडू तोच आहे असं मला वाटतं.

लोर्ना पलंगावर उशांना टेकून बसली होती. माझी धाकटी बहीण. फुप्फुसाचा आजार, डॉक्टरांनी इस्टरच्या मागेपुढे असं म्हटलं होतं, आणि तेव्हा इस्टरआधीचा उपवासकाळ नुकता सुरू झाला होता. ट्रक आला तेव्हा ती अकराची होती. पुढे सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर तीस वर्षं उभी राहिली आणि जगातल्या कुठल्याच गोष्टीचं तिला कधी दडपण आलं नाही. मी चेहरा नीट करून आत गेले होते तरी तिनं विचारलं, "काय गं, सैतान भेटला का टॅक्सीत?"

मी वस्त्र उलगडून तुकडा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो उचलला, खिडकीकडे धरला. अंगठा रंगावरून हळूच फिरवला. मग नाकाशी नेला. "बेडूक," ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. कबुलीजबाब देताना देतात तसं, एका दमात, खाली बघून. मम्मीला आपण आँटी गर्टीच्या दारात उभं केलं, असं मी म्हणाले तेव्हा लोर्नाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं धाप लागली. ती हसत होती. मम्मी आणि आँटी गर्टी नऊ वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. एका कोंबडीवरून. कोंबडी कुणाची हे शेवटपर्यंत ठरलं नाही, पण रविवारी ती गर्टीच्या पातेल्यात होती हे सगळ्या गल्लीला वासावरून कळलं होतं.

"म्हणजे मम्मी शेवटी गेली तिच्या दारात," लोर्ना श्वास घेत म्हणाली. "कोंबडी मागायला."

"हसू नकोस. मला झोप लागणार नाही आज."

"मला माहीत होतं, सिस."

"काय माहीत होतं?"

"तेव्हाच. मम्मीच्या दिवशी. आपल्या पायरीच्या कोपऱ्याचा टवका मी उडवला होता हातोडीनं. त्या पायरीला टवका नव्हता."

 मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तिनं डोळे मिटले. "तू इतकी छान रडत होतीस," ती म्हणाली. "आणि सगळे तुझं बघून रडत होते. मधेच कुठे सांगू, एक घर मागे या म्हणून?"

ती खरं बोलली की माझं ओझं हलकं करायला तिथल्या तिथे रचलं, हे मला अजून कळलेलं नाही. पायऱ्या सगळ्यांनी नव्या केल्या होत्या. टवका उडालेला मला आठवत नाही. पण मला आता जे आठवतं त्याला मी काय म्हणू? भाजी चिरणारी मम्मी गर्टीच्या पायरीवर बसलेली आठवते. ती काढून मी पलीकडच्या पायरीवर ठेवायला जाते, तर ती तिथे बसत नाही. सायकल टेकत नाही. हिरव्या भिंतीसमोर मी मनात कितीदा उभी राहिले त्या दिवसांत. भिंत खरी, रंग खरा, आणि आत कुणीच नाही. खोट्या घरात माणसं होती आणि खरं घर रिकामं होतं. प्रार्थनेला बसले की हेच. मी पहाटे पाचला उठते, स्तोत्र म्हणते, शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत तोंडात काही घालत नाही, गेल्या पन्नास वर्षांत यात खंड पडला नाही. पण हे सगळं करूनही माणूस एकवीस जणांना खोटं दाखवू शकतो, आणि तेही डोळ्यांत पाणी आणून, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

झोप लागण्यापूर्वी लोर्नानं मला जवळ बोलावलं. "माझ्या वेळी खऱ्या दारापुढे थांबव."

"दार राहणार नाही तिथे. गॅरेज होतंय."

"मग गॅरेजपुढे. कुणाची गाडी आत अडकली तर अडकू दे. एकदा त्यांनाही थांबू दे जरा."

"आणि लोकांना काय सांगू? इतकी वर्षं पुढच्या दारापुढे थांबलो म्हणून?"

"ते तुझं तू बघ," ती म्हणाली. "पण रोझलिनला एकटीत सांगू नकोस. डोळे काढील."

तेव्हापासून मी दिवस ढकलू लागले. रविवारी रोझलिन माझ्या दोन बाक पुढे बसायची, खांद्यावर राखाडी शाल, तिच्या आईचीच. शांतीचा हात मिळवायची वेळ आली की ती मागे वळून माझा हात हातात घ्यायची आणि मी म्हणायचे, प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो. मनात ठरवायचे, आज उपासनेनंतर. मग चहाच्या टेबलापाशी ती कूसिस्टरची बशी पुढे करायची, त्या सुंठ घातलेल्या पाकातल्या गोड वड्यांवर खोबरं भुरभुरलेलं, आणि म्हणायची, घे ना सिस युनिस, वाळलीस किती. मी म्हणायचे उपवासकाळ आहे. खोटं नव्हतं. उपवासाआड लपायला इतकं सोपं असतं हेही मला त्याच दिवसांत कळलं. एकदा तर तिनं आपणहून विषय काढला. तिची नात शाळेत जुन्या घरांवर काहीतरी लिहीत होती, तिला दाखवायला नेलं होतं गल्लीत, म्हणाली, सगळ्यांची घरं दाखवली, आमची भिंत दाखवली. पोरगी विचारत होती, फक्त आपलंच का पाडलं. मी काय सांगणार, ती म्हणाली. मी कप खाली ठेवला.  फादर कुणाला तरी हसून काहीतरी सांगत होते. मी म्हटलं, मला लोर्नाकडे जायला हवं, एकटी आहे. आणि गेले.

गुड फ्रायडेला मी मासा लोणच्याच्या मसाल्यात मुरवून ठेवला होता, दरवर्षीसारखा. लोर्नानं बोट बुडवून चव घेतली, म्हणाली, मीठ कमी. इस्टरच्या सकाळी तिनं मला खिडकी उघडायला सांगितली. खाली कुणीतरी गाणं लावलं होतं. तिला उकडत होतं. गुरुवारी दुपारी, तो हिरवा तुकडा हातात असताना, ती गेली. शेवटच्या दिवसांत ती तो हातातून सोडत नसे. तिच्या घामानं त्याचा रंग गडद झाला होता, डॅडी बादलीत ढवळायचे तेव्हा ओला असायचा तसा.

अंत्यविधी पुढच्या शनिवारी. हॅनोव्हर पार्कमधून निघताना टोळ्यांनी तासाभराची सवलत दिली, ते आमच्याकडे देतात, म्हाताऱ्या बाईचं आहे म्हटलं की देतात. चर्च अर्धं भरलं होतं. जुन्या गल्लीतली वीस-पंचवीस माणसं, सगळी पिकलेली. मी वेदी आदल्या दिवशीच मांडली होती, वस्त्राची घडी सुईनं आखावी तशी बसली होती, आणि प्रार्थना चालू असताना मी एकच शब्द मनात म्हणत होते, आज, आज. पेटी बाहेर आली. अंकल क्लाइव्ह आता पंच्याहत्तरीचे आहेत, पण आमच्या अंत्यविधीला गाडी तेच चालवतात. गाडी गल्लीत वळली. आम्ही मागून चालू लागलो. डोंगरावर ढग उतरला होता. कोपऱ्यावरून मी मोजू लागले, सवयीनं, आणि तीनवर थांबले, मग पुढचं काळं सरकतं फाटक, नवीन, चकचकीत. मी पुढे होऊन गाडीच्या काचेवर टकटक केलं.

"इथे," मी म्हटलं.

अंकल क्लाइव्हनी ब्रेक लावला, काच खाली केली आणि हळू आवाजात म्हणाले, "सिस युनिस, एक घर पुढे. मासा." आणि पितळी माशाकडे बोट केलं. इतकी वर्षं मी शिकवलेलं ते मला समजावत होते. मागून कुणीतरी कुजबुजलं, बहिणीचं दुःख आहे, भांबावलीय. गर्टीचा मुलगा पुढे आला आणि त्यानं माझ्या कोपराला आधार दिला. तो आधार मी घेतला असता तर सगळं सुटलं असतं. गाडी एक घर पुढे गेली असती, मिनिटभर थांबली असती, लोर्ना तेवढी कोंबडीच्या दारात गेली असती, आणि ती तर हसलीच असती. रोझलिन शाल सावरत माझ्याकडे बघत होती. प्रेमानंच बघत होती.

त्याच वेळी फाटकाच्या आत मोटार घरघरली आणि ते काळं दार आपोआप बाजूला सरकू लागलं. आत गाडीचे दिवे लागलेले. तो तरुण स्टिअरिंगवर, मागच्या सीटवर एक लहान मुलगी लोकरी टोपीत. त्याला समोर शवपेटीची गाडी दिसली, त्यानं इंजिन बंद केलं. खिडकी खाली केली, मला ओळखलं असावं. ह्या वेळी त्यानं काही विचारलं नाही. गाडीच्या पाठीमागे नवा पांढरा गिलावा होता आणि वरच्या कोपऱ्यात, छताला लागून, हातभर जागी गवंड्यांची छिन्नी वरचे थर काढूनच थांबली होती. तिथे बेडकाचा रंग होता, डॅडींनी खोलीतही तोच फासला होता.

"हे आमचं घर," मी लोकांकडे वळून म्हणाले. माझा आवाज मोठा नाही, कधीच नव्हता. पण गल्ली अरुंद आहे. "पुढचं नाही. मम्मीला मी चुकीच्या दारापुढे थांबवलं. कोपऱ्यावरचं अंकल लिओनार्डचं घर त्यांनी रस्त्यासाठी पाडलंय, ते माझ्या लक्षात आलं नाही. मी एक घर चुकले. सगळ्यांचंच चुकले. तुमच्या सगळ्यांचं."

 गर्टीच्या मुलाचा हात माझ्या कोपरावरून निघाला. तो कधी निघाला ते मला कळलं नाही, तिथे फक्त थंड लागलं.

"म्हणजे आमचं घर आहे?" रोझलिननं विचारलं.

"आहे. भिंतीच्या अलीकडचं. निळ्या झडपांचं."

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मी देवासमोरही नीट सांगू शकणार नाही. अठरा वर्षं तिनं आपलं घर पडलं म्हणून दुःख केलं होतं आणि ते घर तिथे उभं होतं, तिच्या आईची पेटी त्याच्यासमोरून पुढे गेली होती.  तिनं शाल घट्ट केली आणि ती चढावर चालू लागली, मिरवणूक सोडून, एकटी. तिचे बूट डांबरावर वाजत होते. शेवटच्या दारापाशी ती थांबली. पाठमोरीच उभी राहिली.

मग गर्टीचा मुलगा हलला. तो पितळी माशाच्या फाटकापाशी गेला आणि त्यानं टोपी काढली. मग आणखी कुणी, मग आणखी. ज्याला त्याला आपलं जुनं दार माहीत होतं, ते माझ्या बोटानं ठरलेलं. आता प्रत्येक जण त्या दारापासून एक घर मागे येऊन उभा राहत होता, चर्चच्या बाजूला, एकेक करून, जणू बाकावर कुणालातरी जागा करून देत असावेत. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींना हात दिला. पडदे हलले. एका घरातून कुत्रा भुंकायला लागला आणि कुणीतरी त्याला आत ओढलं.

शेवटी गाडीपाशी मी उरले, आणि अंकल लिओनार्डचा बेन्जी. तोही आता सत्तरीच्या पुढचा. वडिलांच्या वेळी मी त्याला पहिल्या दारापुढे उभं केलं होतं, तो दर वर्षी त्या दाराला फूल खोचायचा, घरातल्या बाईची परवानगी घेऊन. तो माझ्याकडे बघत होता. "मग माझं, सिस युनिस?" त्यानं विचारलं.

 मी हात उचलून कोपऱ्याकडे दाखवलं. तो उतारावरून चालत गेला. पांढऱ्या रेघा आखलेल्या त्या जागेत गेला, थोडा पुढे झाला, थोडा मागे, पायानं चाचपल्यासारखं करत, आणि मग एका ठिकाणी उभा राहिला. मुख्य रस्त्यावरून एक गाडी वळली. तिला तिथेच उभं राहायचं होतं. बाजूचा पिवळा दिवा लावून ती बेन्जीपासून दोन हातांवर थांबली. बेन्जी हलला नाही.

अंकल क्लाइव्हनी काच खाली केली. मिनिट होऊन गेलं होतं. "निघायचं का?" त्यांनी विचारलं.

माझ्या मागे गॅरेजमध्ये ती छोटी मुलगी बापाला काहीतरी विचारत होती, आणि तो तिला थांब म्हणत होता. खाली कोपऱ्यावर पिवळा दिवा लागत होता, विझत होता.

"थांबा थोडं," मी म्हटलं.